वाचकांचे प्रश्न : घरासाठी सौरऊर्जा की गोबरगॅस?

प्रश्न : महिन्याला साधारण २४० युनिट वीज लागते. लाइट सारखी जाते. किती किलोवॅटचं सोलर बसवावं? (औसा)

२ किलोवॅट पुरे. आपल्याकडे १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. त्यासाठी साधारण २०० चौरस फूट मोकळं छत हवं. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६० हजार रुपये अनुदान आहे, पण पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलची, म्हणजे ‘डीसीआर’च हवीत; कोटेशनवर तसं लिहून घ्या. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या, नाहीतर अर्ज तिथेच अडतो.

आता मुख्य अडचण. नेट मीटरवालं (घेतलेली आणि लाइनला दिलेली वीज मोजणारा मीटर) साधं ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं सोलर, लाइट गेली की भर उन्हातही बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला उलटा करंट लागू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. बॅटरीसह हायब्रीड इन्व्हर्टर हा त्यावरचा महाग उपाय. दोन पंखे आणि चार एलईडी एवढंच चालवायचं असेल तर घरचा जुना इन्व्हर्टर आणि १५० एएचची एक चांगली बॅटरी राहू द्या. चारेक तास निघतात.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, १८ ते २० अंश उतारात बसवा. पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला नकोत. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला झुकतो, टाकीची सावली एका पॅनेलवर पडते आणि त्या ओळीतल्या सगळ्या पॅनेलची वीज घटते. अर्थिंगकडेही लक्ष द्या : पॅनेलचा सांगाडा, इन्व्हर्टरची एसी बाजू आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा, लाइटनिंग अरेस्टर) यांचे खड्डे वेगळे हवेत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंग निकामी होतं. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालत राहा.

प्रश्न : घर माळवदाचं आहे. वर पॅनेल चालतील का? (भूम)

नाही. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छत; पाय रोवायला त्यात पक्कं काही नसतं, आणि भोक पाडलं की पाणी थेट तुळयांपर्यंत मुरतं. अंगणात काँक्रीटच्या पायावर वेगळा लोखंडी सांगाडा उभा करा.

प्रश्न : सोलर वॉटर हीटरच्या काचेच्या नळ्या सारख्या फुटतात. (लातूर)

नळाला पाणी आठवड्यातून एकदा येत असेल तर कारण बहुधा तेच. टाकी रिकामी होते, कोरड्या नळ्या उन्हात तापतात आणि दुपारी गार पाणी शिरलं की तडकतात. हीटर रिकामा झाला की गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा. पहाटे, नळ्या निवल्यावरच उघडा. पाणी बोअरचं असेल तर वर्षातून एकदा टाकीतला गाळ काढा, नळ्यांतले क्षार धुऊन घ्या.

प्रश्न : तीन जनावरं आहेत. गोबरगॅस परवडेल? (अंबाजोगाई)

१ घनमीटरचा चालेल. त्याला रोज २५ किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. गोठ्यात बांधलेलं मोठं जनावर दिवसाला साधारण १० किलो शेण देतं. दोन-तीन माणसांचा स्वयंपाक भागतो. २ घनमीटरच्या मोहात पडू नका. ५० किलो शेण तुम्ही आणणार कुठून? गोमूत्र वापरलं तर पाणी वाचतं, साबणाचं पाणी मात्र आत जाऊ देऊ नका, त्यानं जिवाणू मरतात. दुष्काळात जनावरं चारा छावणीत न्यावी लागत असतील, तर गोबरगॅस बांधूच नका. रोजचं शेण तुटलं की गॅस थांबतो, वरची साय वाळून घट्ट होते आणि पुन्हा चालू करताना आख्खा डायजेस्टर (शेण कुजवण्याची टाकी) उपसावा लागू शकतो.