टेकू एवढ्यात काढू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

दसऱ्याला मांजरी गावच्या प्लॉटवर पाच फुटांवर मुरूम लागेल म्हणून खोदलंस आणि नऊ फुटांपर्यंत काळी मातीच निघाली, तेव्हा तू रडकुंडीला आला होतास. मी म्हणतो, खोदताना कळलं ते बरं. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर टेकवलेलं घर तडकायचंच. पैसे गेले, पण घराच्या पायात गेले. फरशी साधी घे, झालं.

खरी काळजी आता आहे. वाया गेलेले तीन आठवडे भरून काढायला ठेकेदार स्लॅब ओतल्यापासून सातव्या दिवशी सेंट्रिंग, म्हणजे खालचे टेकू आणि प्लेटा, काढू म्हणतोय. त्याचा आकडा हवेतला नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात स्लॅबच्या दोन आधारांमधला गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकूंना ७ दिवस आहेत, त्यापुढे १४. तुझा हॉल सोळा फुटी, म्हणजे जवळजवळ ४.९ मीटर; तो आधीच चौदावाल्यांत बसतो. त्यात हा हिशेब साध्या ओपीसी सिमेंटचा, आणि हवा १५ अंशांखाली जात नसेल तेव्हाचा. तू वापरलंस राख मिसळलेलं पीपीसी, आणि पहाटे पारा दहाच्या आसपास. थंडीत सिमेंट सावकाश ताकद धरतं. २१ दिवस टेकू हलवू नकोस, आणि तेव्हाही इंजिनिअरला विचारूनच. प्लेटांचं भाडं वाढेल, वाढू दे.

धायरीला घर बांधताना मी अशाच जानेवारीत बाराव्या दिवशी टेकू काढायला लावले. वास्तुशांतीचा मुहूर्त गाठायचा होता ना! स्लॅब पडला नाही, पण मधोमध झोळ आला. आजही पावसात गच्चीवर तिथेच तळं साचतं. तुझी काकू खराटा घेऊन वर जाते आणि जाताना माझ्याकडे एकदा बघते. बोलत काही नाही.

पाणी मारायचा मात्र आळस करू नकोस. गारठा आहे म्हणून ओल टिकेल असं वाटतं, पण आपली थंडी कोरडी. वारा ओल ओढून नेतो. स्लॅबवर छोटे बांध घालून आळी करून किमान १० दिवस पाणी उभं ठेव. कॉलमना ओलं गोणपाट गुंडाळ.

मजूर संक्रांतीला गावी चाललेत म्हणून चिडू नकोस. नाहीतरी टेकूंच्या जंगलात त्यांना काय काम करता येणार? पाणी तूच मार. रविवारी मी ओळंबा घेऊन येतो, पश्चिमेची भिंत मला जरा कललेली वाटते.

तुझा,
काका