आरशात पाठ बघणारी माणसं

प्रश्न : ताई, माझं वय ४७. आकडेमोडीची नोकरी, स्वभाव अबोल. गेल्या महिन्यात ऑफिसच्या स्नेहसंमेलनाला सगळ्यांनी वेष करून यायचं ठरलं. मी पंधरा दिवस कुरकुर केली आणि शेवटी समुद्री चाचा झालो. एका डोळ्यावर काळी पट्टी, भाड्याचा लांब कोट, कमरेला पुठ्ठ्याची तलवार. आणि काय झालं कळेना, तीन तास मी मोठमोठ्याने बोलत होतो. ज्या साहेबांपुढे एरवी मान वर होत नाही त्यांच्यापुढे तलवार धरून म्हणालो, "खजिना कुठे पुरलाय बोला!" साहेब हसले, मीही हसलो. मुलगी म्हणते, "बाबा, या वयात किती बालिशपणा!" मला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. उलट चार दिवस प्रसन्न वाटत होतं. कोट अजून परत केलेला नाही. हे नेमकं काय आहे?

उत्तर : आधी कोट परत करा. एकतीस वर्षं नाटकाचा कपडेपट सांभाळलाय, त्यामुळे माझ्या तोंडून पहिलं हेच निघणार.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. नाटकाचे कपडे शिवता शिवता हौशी मंडळींनाही मी वेष करून देत आले. शेकडो माणसांना आरशासमोर उभं केलं असेल. त्यात एक गोष्ट इतक्या वेळा पाहिली की आता मी तिची वाटच बघते. रोजच्या कपड्यांत आरशासमोर आलेला माणूस लगेच तपासणी सुरू करतो. पोट आत घेतो, केस चाचपतो, हनुवटी जरा वर करतो. नजर स्वतःच्या उणिवांवरून फिरते, आणि त्या त्याला तोंडपाठ असतात. त्याच माणसाला मावळत्या सम्राटाचा झगा घाला. तो पोट बघतच नाही. तो गर्रकन वळतो आणि पाठ बघतो. झग्याचा घोळ कसा पडतो, मागून आपण कसे दिसतो, चालताना काय होतं, हे बघतो. मग दोन पावलं चालून पुन्हा वळतो. अगदी अपवाद वगळता सगळे पाठ बघतात.

का बघत असतील? माझा तर्क असा : आरशातला तो इसम आपण नसतोच, त्यामुळे त्याला नापास करण्याचं कारण उरत नाही. मोठं झाल्यावर आपण दिवसभर स्वतःवर नजर ठेवून असतो. बोललो ते बरोबर होतं का, जास्त झालं का, लोक काय म्हणतील. वेष घातला की ही पहारेकऱ्याची नोकरी काही तास सुटते. तुम्हाला चार दिवस जे प्रसन्न वाटलं, ती त्या सुट्टीची गंमत आहे.

बरं, सुटलेलं पोटसुद्धा वेषात कामाला येतं. चाच्यांच्या कप्तानाला पोट शोभतं. एका गृहस्थांचं माप घेताना मी सवयीने विचारलं, "पोट लपवायचं ना?" ते क्षणभर थांबून म्हणाले, "नको, दाखवा. बेल्ट पोटाखाली घ्या." त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा शिंप्याला असं सांगितलं असणार.

हे फक्त माझं निरीक्षण नाही. २०१७ साली लहान मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना संगणकावर एक कंटाळवाणं काम दिलं आणि शेजारीच मन ओढणारा खेळ ठेवला. काही मुलांना 'मी काम करतोय का?' असं स्वतःला विचारायला सांगितलं. काहींना स्वतःचंच नाव घेऊन, म्हणजे बाहेरून बघितल्यासारखं, विचारायला सांगितलं. आणि काहींना बॅटमॅनसारखं एखादं आवडतं पात्र बनवून, अंगावर त्याची खूण चढवून, 'बॅटमॅन काम करतोय का?' असं विचारायला लावलं. पात्र बनलेली मुलं सगळ्यात जास्त वेळ कामाला चिकटून राहिली. म्हणजे 'मी' पासून दोन पावलं लांब गेलं की जमत नसलेलं जमू लागतं. तुमची मुलगी बालिशपणा म्हणाली ते एका अर्थी खरंच आहे. मुलांना हे आधीपासून ठाऊक असतं, आपण विसरतो.

कपड्यांमुळे मोठ्या माणसांचं मन बदलतं का, यावरचा २०१२ मधला एक प्रयोग फार सांगितला जातो. 'हा डॉक्टरांचा कोट आहे' असं सांगून पांढरा कोट घालायला दिलेल्यांचं लक्ष जास्त एकाग्र झालं. तोच कोट 'चित्रकाराचा' म्हणून दिला तर तसं झालं नाही. ऐकायला झकास आहे. पण २०१९ मध्ये दुसऱ्यांनी तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो परिणाम काही हाती लागला नाही. त्यामुळे कोट घातला आणि अक्कल आली, असं मी तुम्हाला सांगणार नाही. शरीरावर मात्र कपड्याची सक्ती चालते, हे मी रोज बघते. ताठ कॉलर शिवली की मान ताठ राहते. टाचेचा बूट दिला की चाल बदलते. तुमचा तो कोट जड असणार, अस्तर लावलेला, खांद्यांत भरणी असलेला. अशा कोटात खांदे पाडून उभं राहताच येत नाही, आणि खांदे मागे गेले की छाती मोकळी होऊन आवाज मोठा निघतो. साहेबांवर तलवार उगारण्याचं थोडं श्रेय कोट शिवणाऱ्याला द्या.

एक गैरसमज मात्र काढून टाकते. लोक म्हणतात, वेषात तोंड लपतं म्हणून माणूस मोकाट सुटतो. मुखवट्याच्या बाबतीत ते खरं आहे. अठराव्या शतकातल्या व्हेनिसमध्ये वर्षातले कित्येक महिने मुखवटा घालून फिरायची मुभा होती. त्यांच्या 'बाउता' वेषातल्या मुखवट्याचा खालचा भाग पुढे आलेला असे. त्यामुळे तो न काढता खाता-पिता येई, आणि आवाजही बदले. कारागीर म्हणून मी त्या रचनेला हात जोडते. बायकांचा एक काळा लंबगोल मुखवटा तर आतल्या बाजूचं बटण दातांत धरून चेहऱ्यावर टिकवायचा. म्हणजे घातला की बोलणं बंद. तिथे ओळखू न येणं हाच मुद्दा होता.

पण तुम्ही कुठे लपला होतात? साहेबांनी तुम्हाला पहिल्याच नजरेत ओळखलं. वेषांतर करणाऱ्याला ओळखलं की तो फसला. हौसेने वेष करणाऱ्याला कोणी ओळखलंच नाही तर त्याचा हिरमोड होतो. 'अरे, हे तर आपले हिशेबवाले!' असं कोणीतरी ओरडायला हवं असतं. एकाच वेळी चाचा आणि हिशेबवाले असणं, आणि ते दोन्ही सगळ्यांना दिसणं, यात मजा आहे. साहेबसुद्धा म्हणूनच हसले. खऱ्या चाच्याला कोणी हसत नाही.

२ जुलै १८९७ ला लंडनच्या डेव्हनशायर हाउसमध्ये असाच एक मोठा समारंभ झाला, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली म्हणून. सुमारे सातशे पाहुणे होते, सगळे वेष करून आलेले. यजमानीणबाई पाल्मायराची राणी झेनोबिया झाल्या होत्या, त्यांचे यजमान सम्राट पाचवा चार्ल्स. बागेत तंबू ठोकून छायाचित्रकार बसवला होता आणि मंडळी आपापल्या वेषात त्याच्यासमोर उभी राहिली. कोणालाही ओळख लपवायची नव्हती. वाडे, दागिने, पदव्या सगळं घरात असलेल्या माणसांनासुद्धा एका रात्रीपुरतं दुसरं कोणीतरी व्हावंसं वाटलं. तेव्हा तुम्ही कोटासाठी संकोच करू नका. भाडं वेळेवर द्या, म्हणजे झालं.

प्रश्न : माझे पती, वय ३९, कॉस्प्ले करतात, म्हणजे कथा-सिनेमांतल्या आवडत्या पात्रांचे वेष करतात. सहा महिने रात्री जागून फोमचं चिलखत बनवतात, एका दिवसाच्या संमेलनात घालतात, फोटो काढतात आणि ते माळ्यावर जातं. घरभर गोंदाचा वास. नवरा म्हणून उत्तम आहेत, तक्रार नाही. पण एका दिवसासाठी सहा महिने, हे मला समजत नाही.

उत्तर : तो एक दिवस हे निमित्त आहे. त्यांचा आनंद त्या सहा महिन्यांत आहे, हे त्यांना विचारलंत तर तेही मान्य करतील. ज्यांची दिवसभराची कामं पडद्यावरच सुरू होऊन पडद्यावरच संपतात त्यांना हाताने काहीतरी घडवून ते अंगावर चढवायचं समाधान फार मोठं वाटतं. सपाट फोमचा तुकडा गरम करून गुडघ्यावर दाबला आणि तो वळून खांद्याच्या आकाराचा झाला, की पहिल्यांदा अंगावर काटा येतो. मी फोमवर फार उशिरा आले, तरी मला अजून येतो.

या छंदाची सुरुवातसुद्धा शिवणाऱ्या हातांनीच झाली. १९३९ साली, आणि पुन्हा योगायोगाने २ जुलैलाच, न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन सुरू झालं. त्यात फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघेच भविष्यातल्या माणसांसारखे कपडे घालून आले. बाकी सगळे कोट-टायमध्ये. नाव बहुतेक वेळा अ‍ॅकरमन यांचं घेतलं जातं, पण ते कपडे डग्लसबाईंनी बनवले होते. (कपडेपटाचं नाव जाहिरातीत कधीच वर नसतं, त्याची मला सवय आहे.) पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात आणखी बरेच जण वेष करून आले. 'कॉस्प्ले' हा शब्द मात्र जपानचा. कॉस्च्युम आणि प्ले यांचा हा जोडशब्द नोबुयुकी ताकाहाशी यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केला.

गोंदाबद्दल तुमचं बरोबर आहे. तो वास सहन करण्याचा प्रश्न नाही, तो श्वासात जाणंच वाईट. खिडक्या सताड उघड्या ठेवून किंवा गच्चीतच काम करायचं, वाफा रोखणारा मास्क लावायचा, नुसत्या कापडी पट्टीने भागत नाही. जवळ निखारा, मेणबत्ती, शेगडी काही नको. आगीचा विषय निघालाच आहे तर सांगते. जानेवारी १३९३ मध्ये फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स आणि त्याचे सोबती रानटी माणसांचं सोंग घेऊन नाचले. अंगावर राळेत भिजवलेलं कापड, त्यावर केसांसारखा चिकटवलेला ताग. मशालीची ठिणगी पडली आणि चौघे गेले. राजा वाचला तो एका तरुण सरदारणीने आपल्या घागऱ्याचा घोळ त्याच्यावर टाकला म्हणून. पतिराजांना ही गोष्ट जेवताना सांगा, ओरडण्यापेक्षा लागू पडते.

आणि पुढच्या चिलखताची एखादी पट्टी तुम्ही कापून बघा. आवडलं नाही तर सोडून द्या.

प्रश्न : ताई, मला वेष करायला अजिबात आवडत नाही. मैत्रिणीच्या पन्नाशीला सगळ्यांना वेष सक्तीचा आहे. न जाणं शक्य नाही. मी अरसिक आहे का?

उत्तर : नाही. मीही तुमच्याच पंगतीतली. आयुष्यभर दुसऱ्यांना सजवलं, स्वतः पहिल्यांदा वेष केला तो पन्नाशी उलटल्यावर, तोही आग्रहाला बळी पडून. पौर्णिमेचा चंद्र झाले होते. पुठ्ठ्याची गोल चकती, व्यास माझ्या दोन्ही हातांएवढा, वर चंदेरी कागद. घरी मोजमाप सगळं केलं, दाराचं केलं नाही. समारंभाच्या दारातून आडवी होऊन खेकड्यासारखी आत शिरले. आत गेल्यावर कळलं की बसता येत नाही. अडीच तास भिंतीला टेकून उभी होते, आणि येणारा-जाणारा मला ग्रहण कधी लागणार ते विचारत होता. दुसऱ्यांचे वेष शिवताना मी बजावते, बसता आलं पाहिजे, दारातून जाता आलं पाहिजे, आणि कोणाच्या मदतीशिवाय बाथरूमला जाता आलं पाहिजे. स्वतःच्या वेळी तिन्ही विसरले.

खोटं कशाला सांगू, मजा आली. पण ती तुम्हालाही येईलच असं मी म्हणणार नाही. काहींना अंगावर खिळलेल्या नजरांचा मनापासून त्रास होतो, आणि सक्तीने मिळालेली सुट्टी ही सुट्टी नसते. मैत्रिणीला आधीच मोकळेपणाने सांगा, "मी येईन, पण पूर्ण वेष करणार नाही." ती समजून घेईल.

मग एक टोपी न्या. तेवढी पुरते. आपले नेहमीचे कपडे आणि एखादी पिसाची किंवा रुंद काठाची टोपी. नको वाटली की काढून हातात धरता येते, कोणाशी बोलायचं नसेल तेव्हा काठ खाली ओढता येतो, आणि फोटोवाला आला की डोक्यावर ठेवून काम भागतं. फक्त आतून, मागच्या बाजूला, मखमलीची बोटभर रुंद पट्टी शिवून घ्या. कच्च्या टिपेनेसुद्धा चालेल. केसांवरून घसरत नाही.