एलेव्हेटरचा स्टॉप घासण्यापूर्वी

देवगडच्या शेडमध्ये तुम्ही स्वतः बांधत असलेले विमान चाकांवर उभे राहिले, याचा आनंद आहे; मात्र एलेव्हेटरची (शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या हलत्या पट्टीची) हालचाल स्टॉपने, म्हणजे ती अडवणाऱ्या धातूच्या तुकड्याने, किती अंशांवर अडवायची हे ठरवताना आपला अंदाज बाजूला ठेवून आराखड्यातील आकडाच पाळावा. वरचा कोन कमी पडला, तर गुरुत्वमध्य पुढे असताना उतरण्याच्या क्षणी नाक पुरेसे उचलले जात नाही.

प्रथम एलेव्हेटर स्टॅबिलायझरच्या (शेपटीच्या स्थिर आडव्या पंखाच्या) रेषेत आणून चिमट्याने धरावा आणि डिजिटल कोनमापक तेथे शून्यावर आणावा. कोनमापक बिजागरीच्या रेषेला काटकोनातच बसला पाहिजे. माझा एकदा तिरपा बसला, कोन खऱ्यापेक्षा कमी दिसला आणि मी स्टॉप नको तितका घासून बसलो. घासलेला धातू परत येत नाही, म्हणून तुकडा मुद्दाम जाड ठेवून कानस दोन-चार वेळा फिरवावी, पुन्हा मोजावे. उघड्या पडलेल्या ॲल्युमिनियमवर त्याच दिवशी प्रायमर लावावा, कारण आपल्याकडची खारी हवा सवलत देत नाही.

स्टॉप शक्यतो एलेव्हेटरजवळच असावा. काठीपासून (चालकाच्या दांड्यापासून) एलेव्हेटरकडे जाणारी केबल ताणली जाते, आणि उभ्या विमानाला पावसाळी वाऱ्याचा झोत मागून बसला की तो धक्का स्टॉपनेच झेलायचा असतो.

शेवटी फ्लॅप (पंखांच्या मागच्या, खाली झुकणाऱ्या पट्ट्या) पूर्ण खाली करून काठी चारही कोपऱ्यांत न्यावी, कुठे काही घासते का ते दुसऱ्याला बाहेरून पाहण्यास सांगावे, आणि काठी मागे ओढल्यावर एलेव्हेटर वरच जातो ना, हेही न लाजता तपासावे.