पाणी शेतकऱ्याचं, गळ आपला: इंग्लंडच्या नद्यांवरची प्रश्नोत्तरे

जून जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. 16 जूनला इथल्या नद्या गळासाठी पुन्हा खुल्या होतात. त्याआधीचे तीन महिने, 15 मार्चपासून, नदीतल्या बार्बल, चब, रोच अशा माशांना त्यांच्या विणीसाठी सोडलेलं असतं. मग इंग्लंडात राहणारी आपली माणसं माळ्यावरून रॉड काढतात आणि प्रश्न विचारू लागतात. या वेळचे काही प्रश्न घेते.

ताई, मी सरकारी परवाना ऑनलाइन काढला. रेडिंगला घरामागे थेम्सच्या काठाने पायवाट आहे, रोज शेकडो लोक चालतात. तिथे बसलो तर एका गृहस्थाने क्लबचं कार्ड मागितलं आणि नसल्यामुळे उठवलं. परवाना असताना कार्ड कशाला?

कारण ते परवाने दोन आहेत आणि दोन्ही लागतात. सरकारी परवाना म्हणजे गळ टाकायची मुभा. कुठे टाकायचा, हे तो सांगत नाही. भरती-ओहोटीच्या पाण्यात साधारणपणे सगळ्यांना मासे धरायचा हक्क आहे. थेम्सवर ती हद्द टेडिंग्टनला संपते. त्याच्या वर, म्हणजे तुमच्या रेडिंगलाही, मासेमारीचा हक्क खाजगी असतो. ज्याचा काठ, त्याचा हक्क नदीच्या मध्यापर्यंत, असं कायदा धरून चालतो. तो हक्क जमिनीपासून वेगळा विकता येतो, भाड्याने देता येतो, आणि क्लब तोच भाड्याने घेतात. काही ठिकाणी नगरपालिका आपल्या काठावर फुकट बसू देते, पण तसं आहे का ते आधी विचारून घ्यावं.

पायवाटेचा हक्क चालण्यापुरता. गावची वाट शेताच्या बांधावरून जाते म्हणून आपण त्या शेतातला आंबा उतरवत नाही, तसंच हे. विनापरवानगी खाजगी पाण्यात मासे धरणं हा 1968 च्या चोरीविषयक कायद्याखाली गुन्हा आहे. तुम्हाला उठवणारे गृहस्थ बहुधा क्लबचे बेलिफ, म्हणजे काठावर लक्ष ठेवणारे राखणदार, असावेत. मी स्वतः आमच्या क्लबची बेलिफ आहे, म्हणून सांगते: पुढच्या वेळी त्यांनाच विचारा, कार्ड कुठे मिळतं. आनंदाने सांगतील.

बर्मिंगहॅमजवळ दोन क्लब आहेत. एकाच्या पुस्तिकेत नद्यांचे चाळीसेक पट्टे आहेत आणि वर्गणी कमी. दुसऱ्याकडे एकाच नदीचे तीन पट्टे, वर्गणी दुप्पट, वर प्रतीक्षायादी. पहिला घेणं शहाणपणाचं नाही का?

पट्टे मोजू नका. मंगळवारी संध्याकाळी काम सुटल्यावर अंधाराच्या आत पोचता येईल असे किती, ते मोजा. चाळिसातले बरेच दीड तासाच्या गाडीवर असतील, आणि काही म्हणजे दोन कुंपणांमधला दोनशे मीटरचा काठ, जिथे चार जण बसले की पाचव्याला परत फिरावं लागतं.

पुस्तिका हातात आली की बारीक अक्षरं वाचा. गाडी कुठे लावायची आणि तिथून किती चालायचं? रात्री बसता येतं का? तोच पट्टा आणखी एखाद्या क्लबलाही दिलेला आहे का? भाडेपट्टा किती वर्षांचा आहे? दरवर्षी नव्याने करायचा असेल, तर आज नकाशात दिसणारा पट्टा पुढच्या जूनमध्ये असेलच असं नाही. ज्या क्लबने काठ विकत घेतलाय, त्याची वर्गणी जास्त असते आणि ती वाजवी असते.

नंतर, पैसे भरायच्या आधी, काठावरून चालून या. सचिवांना फोन केला तर बहुतेक ठिकाणी परवानगी मिळते. बंदीच्या महिन्यांत पाणी उतरलेलं आणि नितळ असतं, तळ दिसतो. एकाच पट्ट्यात उथळ खळाळ, त्याखाली डोह, आणि वेगवान धार जिथे संथ पाण्याला घासून जाते ती शिवण, असं तिन्ही असेल तर पट्टा चांगला. पाण्यावर ओणवलेले विलो असतील तर त्याहून चांगला, चब त्यांच्या सावलीत राहतो. हिवाळ्यात काय होतं तेही विचारा. सेव्हर्न नदी पावसाच्या आठवड्यात काही मीटर चढते, आणि उन्हाळ्यात सुंदर दिसणारा सपाट काठ तेव्हा पाण्याखाली असतो. पूर आला की मासे जातात कुठे? काठालगतच्या आडोशाला येतात. असा आडोसा आणि उभं राहायला उंच, घट्ट जागा ज्या पट्ट्यात आहे, तो वर्षभर उपयोगाचा.

एक गोष्ट पुस्तिकेत सापडणार नाही: तिथल्या शेतकऱ्याशी क्लबचं कसं आहे. आमच्याकडे एक पट्टा होता, टेम नदीवरचा, अर्धा मैल, दोन डोह आणि मधे लालसर खडकाची पायरी. एका ऑगस्टमध्ये कुणीतरी फाटक उघडं टाकून गेलं. कालवडी रस्त्यावर आल्या. सुदैवाने एकही दगावली नाही, पण शेतकऱ्याने त्या वर्षी भाडेपट्टा पुढे चालवला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. साखळी परत लावायला दहा सेकंद लागतात. त्या डोहावर मी पुन्हा कधी बसणार नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून सभासद कसे वागतात ते बघा. गाडीतळावर बिअरचे डबे आणि तंगुसाचे गुंते पडलेले दिसले, तर तो क्लब पट्टे गमावणार आहे.

तुमच्या जागी मी प्रतीक्षायादीत नाव घातलं असतं, आणि तोवर एक वर्ष पहिल्या क्लबमध्ये काढलं असतं.

मी मूळची मालवणची. मासा धरायचा आणि पाण्यात परत सोडायचा, हे मला अजून पटत नाही. मग त्याला त्रास तरी कशाला द्यायचा? एखादा घरी नेला तर काय बिघडतं?

आधी कायदा. मालकाची परवानगी असेल तर नदीतून दिवसाला 20 सेंटिमीटरपर्यंतचे पंधरा छोटे मासे, 65 सेंटिमीटरपर्यंतचा एक पाईक आणि 30 ते 38 सेंटिमीटरमधले दोन ग्रेलिंग नेता येतात. वाम मात्र सोडावीच लागते. पण क्लबचे नियम बहुतेक वेळा याहून कडक असतात: सगळं परत. नियम मोडला की कार्ड जातं.

तुमचा पहिला प्रश्न मात्र खरा आहे, आणि माझंही उत्तर लगेच तयार झालं नव्हतं. माझं आजोळ महाडकडचं. तिथे काळ नदीवर वाळणकोंड आहे. त्या डोहातले मासे देवीचे. लोक त्यांना कुरमुरे घालतात, धरत मात्र कुणी नाही. मोठमोठे महाशीर हाताच्या अंतरावर येतात. इथे पहिला बार्बल हातात आला तेव्हा मला तेच आठवले: सोनेरी खवले, खाली वळलेलं तोंड, मिशांच्या दोन जोड्या. उगाच नाही. दोघे एकाच कुळातले. 1839 साली साईक्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने पुण्याच्या मुळा-मुठेतल्या आपल्या महाशीरचं वर्णन केलं तेव्हा त्याला बार्बसमध्ये, म्हणजे बार्बलच्याच गटात, घातलं होतं.

सेव्हर्नमधला बार्बल मुळचा तिथला नाही. इंग्लंडच्या पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांमध्ये तो होता. सेव्हर्नमध्ये 1956 साली केनेट नदीतून आणून पाचशेच्या आसपास सोडले. आज तुम्ही तिथे धरता ते त्यांचे वंशज. मोठा व्हायला बार्बलला वर्षं लागतात. एका क्लबमध्ये हजार सभासद असतात. प्रत्येकाने वर्षाला एकच नेला तरी पट्टा किती दिवस टिकेल?

त्रास होतो, हे मी नाकारत नाही. तो कमी करणं आपल्या हातात आहे. बिनकाट्याचा गळ वापरा. मासा ओल्या गादीवर ठेवा, कोरड्या गवतावर कधीच नको. बार्बल शेवटच्या ताकदीपर्यंत झुंजतो, म्हणून त्याला लगेच सोडू नका. जाळीतच धारेकडे तोंड करून, आधार देऊन, तो स्वतः शेपटी मारेपर्यंत धरा. दोन मिनिटं लागोत की दहा. पाणी कोमट असेल तर त्यात प्राणवायू कमी असतो. 2022 च्या जुलैत इंग्लंडात पारा पहिल्यांदा 40 अंशांवर गेला, तेव्हा मी काही आठवडे गळ टाकलाच नाही, नुसती काठावर जाऊन बसले. हे सगळं करूनही मन मानत नसेल, तर समुद्रावर जा. मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याच्या नात्यातला. धरा, आणि तिरफळ घालून करा.

मुलगा अकरा वर्षांचा आहे, आणि सासरे दोन महिन्यांसाठी येत आहेत. दोघांना बरोबर नेता येईल का?

मुलाला तेराव्या वाढदिवसापर्यंत सरकारी परवाना लागत नाही. 13 ते 16 वयात लागतो, पण फुकट मिळतो. सासऱ्यांनी रॉड हातात धरला तर त्यांना परवाना हवाच. एका किंवा आठ दिवसांचाही मिळतो. क्लबचं पाहुणा-तिकीट दोघांसाठी आधी विचारा. विजेच्या तारांखाली मुलाला रॉड उभा करू देऊ नका: रॉडच्या कार्बनमधून वीज जाते, तारांपासून 30 मीटर लांब बसायचं. आणि जेवणाआधी हात धुवायचे. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) इथल्या काठांवरही आहे.

वर्गणी भरूनही क्लब रविवारी तण उपटायला बोलावतो. हे सभासदांचं काम आहे का?

आहे. आणि ते तण कोणतं, ठाऊक आहे? तेरडा. आपला गौरीचा नव्हे, त्याचा हिमालयातला उंच भाऊ, 1839 च्या सुमारास बागेसाठी इथे आणलेला. त्याची बोंडं फुटली की बी सात मीटरपर्यंत उडतं आणि नदी ते पुढे नेते. उन्हाळ्यात तो बाकी सगळ्या झाडोऱ्याला झाकतो, थंडीत स्वतः मरतो, आणि काठ उघडा पडतो. मग पुरात माती सुटते आणि बार्बल जिथे अंडी घालतो त्या खडीवर गाळ बसतो. मुळं उथळ असतात, हाताने सहज निघतो, फक्त बी धरायच्या आत काढावा लागतो. शेतकरी हे बघत असतो. जाच की रविवारी.

आमच्या पट्ट्यावर जोराचा पाऊस झाला की वरच्या अंगाला नदीत सोडलेल्या नळातून घाण पाणी येतं. क्लब भाडेकरू, तो काय करणार?

पुष्कळ करू शकतो, आणि भाडेकरू असल्यामुळेच. भाडेपट्ट्याने क्लबला त्या पाण्यात कायदेशीर हितसंबंध मिळतो आणि त्याला धक्का लागला तर दाद मागता येते. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला डर्बीच्या एका क्लबने डर्वेंट नदीसाठी हेच केलं. समोर ब्रिटिश सेलनीज ही मोठी कंपनी, वीजमंडळ आणि खुद्द डर्बीची नगरपालिका होती: कारखान्याचं सांडपाणी, गरम पाणी आणि अर्धवट शुद्ध केलेला मैला. अपील न्यायालयाने मनाईहुकूम कायम ठेवला. लोकसंख्या वाढली म्हणून नाइलाज झाला, हा नगरपालिकेचा बचाव चालला नाही. आज अशा खटल्यांसाठी फिश लीगल ही संस्था आहे; तुमचा क्लब तिचा सभासद आहे का, ते सचिवांना विचारा.

तुम्ही काय करायचं? घाण दिसली की त्याच क्षणी सरकारी पर्यावरण संस्थेच्या (एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या) आपत्कालीन क्रमांकावर फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. नळाचा, पाण्याच्या रंगाचा आणि मेलेल्या माशांचा फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असा. पाण्यात उतरू नका. त्याच संध्याकाळी सगळं सचिवांना पाठवा, आणि शेतकऱ्यालाही कळवा. त्याची गुरं तेच पाणी पितात.