फोटोसोबत आणखी काय जातं?

प्रश्न : जुनं कपाट विकायचं आहे, म्हणून घरीच फोटो काढून चार-पाच अनोळखी लोकांना ईमेलने पाठवले. त्यावरून घर सापडू शकतं, असं कुणीतरी म्हणालं. फोटोत तर कपाटाशिवाय काहीच नाही.

दुर्दैवाने, सापडू शकतं. कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर एक्झिफ नावाच्या नोंदीही लिहितो. ही पद्धत १९९५ पासूनची आहे. फोनचं मॉडेल, सेकंदापर्यंतची वेळ आणि कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर अक्षांश-रेखांशही त्यात असतात. अक्षांशातला एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर, आणि फोन सेकंदाचेही अंश नोंदवतो. घरात जीपीएस थोडं चुकतं, तरी इमारत ओळखायला तेवढं पुरतं. डिसेंबर २०१२ मध्ये पोलिसांना चुकवत फिरणारे सॉफ्टवेअर उद्योजक जॉन मॅकॅफी ग्वाटेमालात आहेत हे असंच उघड झालं. एका मासिकाने त्यांचा फोटो नोंदी न पुसता प्रसिद्ध केला होता.

आधी पाठवलेल्या ईमेलमधला फोटो उतरवून तपासा. विंडोजवर फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. खाली जीपीएसचा भाग दिसला, तर लोकेशन गेलेलं आहे. ते आता परत घेता येणार नाही. विक्रीच्या जाहिरातीतही तेच फोटो असतील, तर ते आजच काढून स्वच्छ प्रती चढवा.

प्रत स्वच्छ करायला त्याच डिटेल्सच्या तळाशी 'रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन' आहे. तिथे नवी प्रत बनवण्याचा पर्याय घ्या, म्हणजे मूळ फोटो तुमच्याकडे जसाच्या तसा राहील. आयफोनवर शेअर दाबल्यावर वर 'ऑप्शन्स' येतं, त्यात लोकेशन बंद करा. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये लोकेशन जतन करण्याचं बटण असतं, फोनच्या कंपनीनुसार नाव थोडं बदलतं. ते बंद केल्याचा फायदा पुढच्या फोटोंनाच होतो, आधीच्या फोटोंतलं लोकेशन तसंच राहतं. बहुतेकांची फसगत इथेच होते.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅप या नोंदी पुसतं ना? मग काळजी कशाला?

फोटो म्हणून पाठवला तर पुसतं. पण फोटो फाटू नये म्हणून अनेक जण तो 'डॉक्युमेंट' करून पाठवतात, तेव्हा मूळ फाइल सगळ्या नोंदींसकट पोचते. ईमेलला जोडलेली फाइल आणि ड्राइव्हवरची फाइल यांचंही तेच. मोठी समाजमाध्यमं इतरांना दिसणाऱ्या प्रतीतून लोकेशन काढतात. तुम्ही चढवलेली फाइल कंपनीकडे मात्र पूर्ण जाते. म्हणून आमचा आग्रह असा, की पुसायचं ते आपल्याच फोनवर पुसावं आणि मगच पाठवावं.

प्रश्न : एक्झिफटूल नावाच्या संगणकावरच्या साधनाने सगळ्या नोंदी उडवल्या. आता उभे फोटो आडवे दिसतात, काहींचे रंगही फिके पडले. फोटो खराब झाले का?

चित्राला धक्का लागलेला नाही. फोन उभा धरला तरी चित्र बहुधा आडवंच साठवलं जातं आणि 'दाखवताना फिरव' अशी खूण एक्झिफमध्ये ठेवली जाते. ती खूणही गेली. रंगांचं प्रोफाइल, म्हणजे रंग कसे दाखवायचे याची नोंद, गेल्यामुळे रंग बदलले. सरसकट सगळं न उडवता फक्त जीपीएसचा गट पुसा. मात्र एक्सएमपी या दुसऱ्या नोंदीतही कधी कधी लोकेशन असतं, तेही पाहा.

आणखी एक गोष्ट जरूर तपासा. हे साधन मूळ फाइल नावाच्या शेवटी 'ओरिजिनल' जोडून त्याच फोल्डरमध्ये ठेवतं. दुरुस्तीसाठी ती तुमच्या कामाची आहे, पण अख्खा फोल्डर झिप करून पाठवलात, तर पुसलेलं लोकेशनही त्याबरोबर जाईल.

प्रश्न : फोटोतली मुलं कापून उरलेला भाग टाकला, तर पुरे ना?

प्रत्येक वेळी नाही. फाइलमध्ये एक छोटं पूर्वदृश्य असतं. काही संपादन अ‍ॅप मोठं चित्र कापतात, पण ते पूर्वदृश्य बदलत नाहीत आणि कापलेले चेहरे तिथे शिल्लक राहतात. हलता फोटो असेल, तर सोबतच्या काही सेकंदांच्या व्हिडिओत आवाजसुद्धा असू शकतो, तो आधी साधा फोटो करून घ्या. सर्वात सोपा मार्ग म्हणजे कापलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट पाठवणं. त्यात कॅमेऱ्याचं लोकेशन आणि जुनं पूर्वदृश्य येत नाही, फक्त चित्राचा आकार थोडा घटतो.