कामगंध सापळ्याच्या गोळीला वास का येत नाही?

चोपडा तालुक्यातल्या एका शेतकरी भावांचा प्रश्न: "साहेब, कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाची गोळी टांगून नर पतंग पकडणारे) लावले. खर्च वाचावा म्हणून गुलाबी आणि अमेरिकन बोंडअळीच्या गोळ्या एकाच सापळ्यात टांगल्या. नाकाशी धरल्या तर वासच नाही. पतंग तुरळक, डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेली फुले) मात्र दिसताहेत. गोळ्या डुप्लिकेट असतील का?"

भाऊ, वास आला नाही म्हणून गोळी खोटी ठरत नाही. गुलाबी बोंडअळीच्या गोळीत मादीच्या गंधाची दोन द्रव्ये जवळपास निम्मी-निम्मी असतात. ती आपल्या नाकासाठी नाहीतच. नर पतंगाच्या मिशांवर त्यांच्यासाठी खास चेतापेशी असतात. प्रत्येक द्रव्याचा निरोप मेंदूतल्या ठरलेल्या गाठीत जातो, आणि मादीच्या गंधाच्या या गाठी नरात इतर वासांच्या गाठींपेक्षा चांगल्याच मोठ्या असतात. दोन्ही निरोपांचे प्रमाण जुळले, की नर वाऱ्याच्या उलट दिशेने नागमोडी उडत येतो. हा गंध लागतो तरी किती थोडा! १९५९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनान्ट यांनी असे पहिले द्रव्य वेगळे केले, तेव्हा रेशीम पतंगाच्या सुमारे पाच लाख माद्यांमधून जेमतेम काही मिलिग्रॅम निघाले.

तुमची चूक इथेच झाली. परक्या जातीचा गंध मिसळला, की पुष्कळ पतंगांचा मेंदू 'ही आपली नव्हे' असे ठरवतो आणि नर माघारी फिरतो. एका सापळ्यात एकच गोळी. तंबाखूच्या किंवा औषधाच्या हातानेही ती धरू नका. कपाशी वाढली तसा सापळाही वर घ्या, शेंड्यांपेक्षा एक-दीड फूट उंच. गोळी साधारण तीन आठवड्यांनी बदला. पाकिटावर मुदत दिली असेल तर ती पाळा.

डोमकळ्यांचे म्हणाल, तर सापळ्यात फक्त नर येतात आणि एकरी दोन सापळे हे मोजणीसाठी असतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे दर रात्री सरासरी ८ पतंग आले, किंवा तोडलेल्या २० हिरव्या बोंडांपैकी दोनांत जिवंत अळी निघाली, तर फवारणीची वेळ झाली. डोमकळ्या आजच वेचून नष्ट करा.

रावेरहून विचारणा आहे, केळीचा कंद पोखरणाऱ्या सोंडकिड्याचा सापळाही असाच का? नाही. तिथली गोळी नराच्या गंधाची असते आणि तिच्याकडे नर-मादी दोघेही येतात.