हायपरव्हायजर बदलला की काय काय बदलते? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची सर्व व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) आजवर व्हीएमवेअरच्या हायपरव्हायजरवर, म्हणजे अशी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, होती आणि ती टेराफॉर्म या फाइलीतील वर्णनावरून मशीन उभारणाऱ्या साधनाने उभी केली जात. आता काही मशीन प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या हायपरव्हायजर प्लॅटफॉर्मवर आणि काही ॲमेझॉनच्या क्लाउडवर न्यायची आहेत. टेराफॉर्म सगळीकडे चालते, तर मग जुन्या फाइलींत प्रोव्हायडरचे (टेराफॉर्मला त्या त्या प्लॅटफॉर्मशी जोडणाऱ्या भागाचे) नाव बदलून का भागत नाही?

उत्तर : टेराफॉर्मची भाषा सगळीकडे एकच असते आणि आधी प्लॅन (होणाऱ्या बदलांची यादी) पाहून मग अप्लाय करण्याची (ते बदल प्रत्यक्षात आणण्याची) शिस्तही एकच असते, परंतु त्या भाषेत आपण ज्या वस्तूंचे वर्णन करतो, त्या प्रत्येक प्लॅटफॉर्मवर निराळ्या असतात. व्हीस्फिअरवर (व्हीएमवेअरच्या प्लॅटफॉर्मवर) मशीन मागताना रिसोर्स पूल (सीपीयू-मेमरीचा वाटा), डेटास्टोअर (डिस्क ठेवण्याची जागा) आणि ज्याचा क्लोन (हुबेहूब प्रत) काढायचा ते टेम्प्लेट सांगावे लागते, आणि सीपीयू व मेमरी वेगवेगळी ठरवता येते. ईसीटूवर (ॲमेझॉनच्या क्लाउडमधील मशीनच्या सेवेवर) डेटास्टोअर ही कल्पनाच नाही, आणि तेथे सीपीयू-मेमरीची जोडी ठरलेल्या इन्स्टन्स टाइपमधून निवडावी लागते. प्रोव्हायडर हा त्या त्या प्लॅटफॉर्मच्या एपीआयवरचा पातळ थर आहे. तो हे भेद झाकत नाही आणि त्याने ते झाकू नयेत, असेच माझे मत आहे.

यावर उपाय म्हणून अनेक जण एकच मोठे मॉड्यूल (पुन्हा वापरता येणारा कोडचा संच) लिहितात आणि त्यात ‘प्लॅटफॉर्म अमुक असेल तर हे, तमुक असेल तर ते’ अशा अटी भरत जातात. काही महिन्यांनी त्या मॉड्यूलला हात लावायला कोणी धजत नाही. त्यापेक्षा प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी छोटे, स्वतंत्र मॉड्यूल लिहावे, मात्र सर्वांचे इनपुट आणि आउटपुट सारखे ठेवावे : आत नाव, आकार व नेटवर्क जावे आणि बाहेर आयपी ॲड्रेस यावा. ‘मध्यम’ आकार म्हणजे व्हीस्फिअरवर किती कोअर आणि ईसीटूवर कोणता टाइप, हे ज्या त्या मॉड्यूलने आपल्यापाशी ठरवावे. आयपी हाती आल्यानंतरचे सगळे काम, म्हणजे पॅकेज, युजर, सेवा, फायरवॉल, ॲन्सिबलकडे (उभ्या झालेल्या मशीनची आतली मांडणी करणाऱ्या साधनाकडे) सोपवावे. एसएसएचने (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीने) आत शिरल्यावर खाली कोणता हायपरव्हायजर आहे याच्याशी त्याला सहसा कर्तव्य नसते.

प्रश्न : व्हीएमवेअरमधील टेम्प्लेटची व्हीएमडीके डिस्क आम्ही क्यूकाउटू या दुसऱ्या डिस्क-स्वरूपात बदलून केव्हीएमवर (लिनक्समधील हायपरव्हायजर, प्रॉक्समॉक्स त्यावरच चालते) नेली, तेव्हा मशीन बूट होताना आणीबाणीच्या शेलमध्ये अडकले. दुसऱ्या एका टेम्प्लेटवरून काढलेली मशीन सुरू झाली, पण दोन मशीनना एकच आयपी मिळाला, आणि तोही मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डांचे क्रमांक) वेगवेगळे असताना. हे कशाने होते?

उत्तर : दोन्ही तक्रारींचे मूळ इमेजच्या आत आहे. डिस्कचे स्वरूप बदलले म्हणजे केवळ वेष्टन बदलते. आतली ऑपरेटिंग सिस्टिम अजूनही जुन्या हार्डवेअरच्याच समजुतीत असते. रेड हॅट कुळातील लिनक्सवर ड्रॅकट हे साधन इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणारी छोटी फाइलप्रणाली) बांधताना सहसा त्या मशीनला लागणारे ड्रायव्हरच आत घेते. व्हीएमवेअरवर बांधलेल्या इनिटरॅमएफएसमध्ये त्यामुळे व्हर्टआयओचा (केव्हीएमच्या आभासी डिस्क व नेटवर्कचा) ड्रायव्हर नसतो, रूट डिस्क सापडत नाही आणि वाट पाहून झाल्यावर ड्रॅकट आपल्याला शेलमध्ये सोडते. स्थलांतरापूर्वीच जुन्या मशीनवर व्हर्टआयओ ड्रायव्हर घालून इनिटरॅमएफएस पुन्हा बांधावे, किंवा हेच काम स्वतः करणारे व्हर्ट-व्हीटूव्ही वापरावे. विंडोजमध्येही व्हर्टआयओ ड्रायव्हर आधी बसवला नसेल, तर बूटच्या वेळी निळा पडदा दिसतो.

डिस्कची नावेही तपासावीत. व्हीएमवेअरवर ‘एसडीए’ असलेली डिस्क केव्हीएमवर ‘व्हीडीए’ होऊ शकते आणि ॲमेझॉनच्या नायट्रो पिढीच्या मशीनवर एनव्हीएमईच्या नावाने येते. तेव्हा एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कोठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलीत) नाव न लिहिता यूयूआयडी (न बदलणारा ओळख-क्रमांक) लिहावा. नेटवर्क इंटरफेसची नावेही अशीच बदलतात.

एकाच आयपीचा प्रश्न अधिक फसवा आहे. सिस्टिमडी (सेवा सुरू करणारी व्यवस्था) वापरणाऱ्या प्रत्येक लिनक्स मशीनवर ‘एटीसी’ डिरेक्टरीत मशीन-आयडी नावाची फाइल असते. तिचा नेटवर्क सांभाळणारा भाग सिस्टिमडी-नेटवर्कडी डीएचसीपी सर्व्हरला (आयपी पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरला) आपली ओळख देताना ती ओळख मूलतः या आयडीवरून तयार करतो. टेम्प्लेटमध्ये ही फाइल भरलेली राहिली, तर सगळे क्लोन एकच ओळख सांगतात आणि सर्व्हर त्यांना एकच पत्ता देतो. मी स्वतः एकदा यात पूर्ण रात्र घालवली आहे : एका मशीनवर केलेला बदल थोड्या वेळाने तेथून नाहीसा झालेला दिसे, कारण माझे कनेक्शन कधी या मशीनवर तर कधी त्या मशीनवर जात होते. टेम्प्लेटमधून एसएसएचच्या होस्ट की-सुद्धा (मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) जशाच्या तशा आल्या असल्यामुळे एसएसएचने एकदाही ‘यजमान बदलला आहे’ असा इशारा दिला नाही. तेव्हापासून पॅकरमधील (टेम्प्लेट-इमेज बनवणाऱ्या साधनातील) माझी शेवटची पायरी ठरलेली आहे : मशीन-आयडी फाइल न काढता रिकामी करणे, होस्ट की पुसणे आणि क्लाउड-इनिटची (पहिल्या बूटला युजर, की वगैरे बसवणाऱ्या साधनाची) जुनी नोंद साफ करणे.

प्रश्न : क्लाउडवर क्लाउड-इनिट व्यवस्थित चालते, आमच्या स्वतःच्या हायपरव्हायजरवर मात्र तीच इमेज युजर आणि की घेत नाही. असे का?

उत्तर : मोठ्या क्लाउडवर क्लाउड-इनिट आपली माहिती १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावरील मेटाडेटा सेवेकडून (मशीनला तिची माहिती देणाऱ्या सेवेकडून) मिळवू शकते. साध्या हायपरव्हायजरवर या पत्त्यावर उत्तर द्यायला कोणी नसते. तेथे नोक्लाउड ही सोय वापरावी : ‘सीआयडेटा’ असे लेबल दिलेली छोटी आयएसओ, आणि तिच्यात युजर-डेटा व मेटा-डेटा या दोन फाइली. प्रॉक्समॉक्स स्वतःच्या क्लाउड-इनिट ड्राइव्हमधून हेच करते. आणखी एक खबरदारी घ्यावी. एसएसएचचे २२ क्रमांकाचे पोर्ट उघडले म्हणजे क्लाउड-इनिट संपले असे नव्हे. त्याचे काम पूर्ण होईपर्यंत ॲन्सिबलला थांबवले नाही, तर दोघेही एकाच वेळी पॅकेज बसवू पाहतात आणि कुलुपाची (लॉकची) चूक कधी येते, कधी येत नाही, आणि अशी चूक शोधणे सर्वांत कष्टाचे असते.

प्रश्न : २०२३ मध्ये टेराफॉर्मचा परवाना बदलल्यापासून ओपनटोफूकडे (टेराफॉर्मपासून फुटलेल्या मुक्त शाखेकडे) जावे का, याची चर्चा आमच्या गटात चालू आहे. स्टेट फाइलचे (टेराफॉर्म उभ्या केलेल्या वस्तूंची नोंद जिच्यात ठेवते तिचे) काय होईल?

उत्तर : ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशीकॉर्पने मुक्त परवाना सोडून बिझनेस सोर्स लायसन्स स्वीकारले, आणि त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनटोफू उभे राहिले. केवळ आपल्या संस्थेतली मशीन उभी करणाऱ्यांचे काम नव्या परवान्याने अडत नाही. टेराफॉर्मशी स्पर्धा करणारे उत्पादन विकणाऱ्यांना तो अडवतो. मला अधिक काळजी स्टेट फाइलची वाटते. तिच्यात पासवर्ड साध्या मजकुरात राहू शकतात. व्हेरिएबलला ‘सेन्सिटिव्ह’ म्हटल्याने ते फक्त पडद्यावर झाकले जातात. ती गिटमध्ये कधीही टाकू नये. लॉकिंगची (एका वेळी एकालाच बदल करू देण्याची) सोय असलेल्या रिमोट बॅकएंडवर (दूरच्या सामायिक साठ्यावर), मोजक्या लोकांच्या हाती ठेवावी. ओपनटोफूमध्ये १.७ या आवृत्तीपासून स्टेट एन्क्रिप्ट करता येते, आणि माझ्या दृष्टीने तिकडे जाण्याचे हेच सबळ कारण आहे. जाताना आधी स्टेटची प्रत काढावी, एका लहान प्रकल्पावर प्लॅन चालवून पाहावा, आणि त्यात एकही बदल दिसत नाही याची खात्री होईपर्यंत अप्लाय करू नये.